योग्य ती खबरदारी

"भटारखाना कुठाय तुमचा?" आरोग्य खात्याच्या निरीक्षकानं दारातूनच विचारलं.

मला वाटलं, माणूस दुकान चुकला. "खानावळ पलीकडं आहे," मी म्हटलं. त्यानं हातातला कागद बघितला, मान वर करून आमची पाटी वाचली आणि म्हणाला, "न्हाय, हितंच. कॅफे लिवलंय की पाटीवर. कॅफे म्हंजे चहा आला, कॉफी आली, खाणं आलं. खाण्याचा परवाना दावा."

मी त्याला आत नेलं. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात एक कॉम्प्युटर, एक खुर्ची. पोरं मान खाली घालून टकाटक टाईप करत होती. "इथं कुणी काही खात नाही," मी सांगितलं. "पाणीसुद्धा मी बाहेर जाऊन प्यायला लावते. कीबोर्डवर सांडतं." त्यानं वाकून टेबलांखाली बघितलं. मग सरळ झाला आणि म्हणाला, "मग कॅफे कशाला लिवलं?"

सगळं जग लिहीत होतं म्हणून मीही लिहिलं होतं. त्यानं शेरा लिहिला, 'खाद्यपदार्थ आढळले नाहीत.' त्याच्याखाली लिहिलं, 'परवाना आढळला नाही.' दोन्ही वाक्यं खरी होती. नोटीस मात्र दुसऱ्या वाक्यावरून आली.

राजारामपुरीतल्या त्या गाळ्यात त्याआधी आमचं एसटीडी बूथ होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पिवळी पाटी, काचेची केबिन, बाहेर बाकड्यावर वाट बघणारी माणसं. त्या धंद्याला टेलिफोन खात्याचा एक कागद लागायचा. तो भिंतीला लावला की संपलं. आत कोण काय बोलतंय याच्याशी कुणाचा संबंध नव्हता. एखाद्यानं फोनवर कुणाला आईमाईवरून शिव्या दिल्या तर शिव्या देणारा वाईट, बूथवाली वाईट नव्हे, एवढी अक्कल सगळ्यांना होती. नंतर घरोघर फोन आले, बूथ ओस पडलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. दोन हजार साल सरता सरता गाळ्यात कॉम्प्युटर आणले.

पैसे नवऱ्याच्या कर्जाचे होते आणि गाळा सासऱ्यांचा. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. ते कोर्टात कारकून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डोक्यातून कोर्ट गेलं नव्हतं. टोपी, छत्री आणि छातीच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. आयुष्यभर त्यांनी लोकांना बुडताना बघितलं होतं आणि त्यांची ठाम समजूत अशी, की माणूस बुडतो तो कागद नसल्यामुळं. त्यामुळं आमचा धंदा सुरू झाला त्या आठवड्यातच ते कोर्टाजवळच्या दुकानातून नव्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं पुस्तक घेऊन आले.

दोन दिवस ते लाल पेन घेऊन वाचत होते. तिसऱ्या दिवशी गाळ्यावर आले.

"सूनबाई, यात सायबर कॅफे हा शब्दच नाही."

"मग बरंच आहे की, मामा."

"बरं काय? कायद्यात नाव नाही म्हणजे उद्या कुणीही येऊन आपल्याला कुठल्याही कलमात बसवणार." त्यांनी खूण केलेलं पान उघडलं. "हे बघ. दुसऱ्यांचे निरोप जो पुढं पाठवतो त्याला यात मध्यस्थ म्हटलंय. मध्यस्थानं योग्य ती खबरदारी घेतली असेल तर गुन्ह्याची जबाबदारी त्याच्यावर नाही."

"योग्य ती म्हणजे कोणती?"

"तेच लिहिलेलं नाही," मामा म्हणाले. आणि त्यांचा चेहरा उजळला. हा माणूस आता अर्ज लिहिणार हे मला कळलं.

त्यांनी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. 'आमच्या व्यवसायास कोणता परवाना लागतो आणि योग्य ती खबरदारी म्हणजे नेमके काय, हे कृपया लेखी कळवावे.' एक प्रत पोलिसांना, एक करमणुकीचे परवाने देणाऱ्या खात्याला, एक आणखी कुठं कुठं. मी म्हटलं, "मामा, गावात एवढे कॅफे आहेत. कुणी काही विचारत नाही. आपणच कशाला?" ते म्हणाले, "म्हणूनच."

उत्तर कुणाचंच आलं नाही. माणसं मात्र आली. आधी तो भटारखानेवाला. मग करमणूक खात्याचा कारकून. त्याच्या हातात मामांचाच अर्ज. "तुम्हीच लिवून दिलंय की परवाना न्हाय म्हणून," तो म्हणाला. मी म्हटलं, "परवाना नाही असं नाही लिहिलं. कोणता लागतो ते विचारलंय." त्यानं अर्ज पुन्हा वाचला. "म्हंजे न्हाईच की!" तो म्हणाला.

मग चर्चा सुरू झाली ती आम्ही करमणूक आहोत की नाही यावर. खणात एक पोरगा मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत होता, ती करमणूक. शेजारच्या खणात एक मुलगी नोकरीचा अर्ज भरत होती. तो करमणूक आहे का, मी विचारलं. कारकुनानं बराच विचार केला. "वर विचारून सांगतो," म्हणाला. ते वर नावाचं ठिकाण कुठं होतं कोण जाणे. तिथून कधीच काही खाली आलं नाही.

पोलिसांच्या लेखी मात्र गोष्ट सोपी होती. त्यांना आमचे खण डोळ्यांत खुपत होते. कुठल्यातरी गावी कॅफेच्या खणात कॉलेजची पोरंपोरी सापडल्याची बातमी पेपरात आली आणि आमच्या चौकीचा हवालदार आला. धिप्पाड, बोलायला मोकळा. "वहिनी, ही फळकुटं काढा. समदं उघडं दिसाया पायजे." मी लेखी मागितलं. तो हसला. "तोंडी हाय. लेखी मागशीला तर पुन्यांदा येताना साहेब येतील."

सुतार बोलावून मी प्लायवूड कापून घेतलं, बसलेल्या माणसाची मान दिसेल एवढं. दुसऱ्या महिन्यात दुसरा अधिकारी आला. "एवढं उघडं? बायका-मुली बसतात, मागून येणारा-जाणारा स्क्रीनवर बघतोय. जरा आडोसा ठेवा की." सुताराला पुन्हा बोलावलं. तो कापलेल्या फळ्या उलट्या बसवत म्हणाला, "ताई, बिजागऱ्या लावू का? साहेब बघून वर-खाली करता येतील." हसू आलं नाही. मी त्याला खरंच किंमत विचारली.

तरीही धंदा चालला. तेव्हा लोकांना इंटरनेटचं केवढं कौतुक! दहावीच्या निकालाला रांग लागायची. तो हवालदारही मुलीचा निकाल बघायला आला होता आणि पास झाली म्हटल्यावर पेढे घेऊन आला होता. पण जी गिऱ्हाईकं मला अजून आठवतात ती शुक्रवारची. आखातात गेलेल्या माणसांच्या बायका. तिकडं शुक्रवारची सुट्टी, त्यामुळं दुपारी आमच्याकडं कॅमेऱ्यासमोर बसून त्या नवऱ्याशी बोलायच्या.

त्यातली एक गगनबावड्याच्या बाजूच्या गावातून एसटीनं यायची. घरचं काम सुतारकीचं. नवरा वेल्डिंग शिकून लग्नानंतर वर्षाच्या आत, ही पोटुशी असतानाच, तिकडं गेला होता. सासू-सासऱ्यांना ती जे काही सांगून येत असेल ते असो, महिन्यातून एकदा पिशवी घेऊन, डोक्यावर पदर, चपला बाहेर काढून आत यायची. मी शंभरदा सांगितलं की चपला काढू नको. "असू दे की ताई," म्हणायची. तिला टाईप करता येत नव्हतं. मेसेंजर मी उघडून द्यायची, कॅमेरा तिच्या तोंडाकडं वळवायची आणि बाजूला व्हायची. मग बाळंतपणासाठी ती माहेरी गेली आणि बरेच महिने आली नाही. जाताना सांगून गेली होती, "आता पोराला घिऊनच येतो."

त्याच मधल्या काळात आमच्यावर धाड आली.

झालं होतं असं. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांविषयी कुणीतरी घाणेरडा मजकूर लिहून शे-पन्नास लोकांना मेल केला होता. अध्यक्ष वजनदार. पोलिसांनी माग काढला, तो मेल आमच्या कनेक्शनवरून गेल्याचं निघालं. फुकटचं मेलखातं ज्या कंपनीचं होतं ती साता समुद्रापार. तिला पत्र पाठवलं होतं म्हणे. ती दाद देईना. मग हाताला काय लागतं? राजारामपुरीतला एक गाळा आणि त्यात बसलेली मी.

फौजदार तरुण होता. "त्या तासाला कोण बसलं होतं?"

मी वही दिली. गिऱ्हाईकांनी नाव लिहावं म्हणून आम्ही ठेवली होती, ती आमची आमचीच खबरदारी. त्या दिवशीच्या पानावर एका सिनेनटाचं नाव होतं आणि एका क्रिकेटपटूचं. फौजदार म्हणाला, "ही काय नावं झाली?"

"पोरं लिहितात. ओळखपत्र मागायचा अधिकार मला कुणी दिलाय का? आम्ही लेखी विचारलं होतं, काय खबरदारी घ्यायची ते सांगा म्हणून. हा बघा अर्ज, पोच घेतलेली आहे."

त्यानं पोच बघितली आणि मामांकडं बघून म्हणाला, "म्हणजे यातून गुन्हा घडू शकतो हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

मामा खुर्चीत बसले होते. ते उठून उभे राहिले, पोच हातात घेऊन पुन्हा वाचली आणि बसले. पुढं बरेच दिवस ते वाक्य त्यांनी मनाला लावून घेतलं. मी तर तेव्हाच फौजदाराशी भांडायला लागले होते, पण त्याचा काही उपयोग नव्हता. पंच म्हणून शेजारचा खानावळवाला आणि एक झेरॉक्सवाला बोलावला आणि सगळं उचललं. नुसते कॉम्प्युटर नाहीत. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्पीकर. मी म्हटलं, "अहो, मॉनिटरमध्ये काही नसतं. तो नुसता पडदा आहे. सिनेमात खून झाला तर थिएटरचा पडदा नेता का?"

"तुम्ही आम्हाला शिकवू नका," फौजदार म्हणाला. हवालदार वायरी गुंडाळत होता. त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'टीव्हीसारखी दिसणारी यंत्रे.'

गाळ्यात टेबलं आणि खुर्च्या उरल्या. मी तरी रोज शटर उघडून बसत होते. का, ते सांगता येणार नाही. घरी बसले असते तर मामांशी भांडण झालं असतं, हे एक कारण असेल. ते रोज म्हणायचे, "कोर्टात अर्ज देऊ." मी म्हणायची, "आणखी अर्ज?"

अशाच एका शुक्रवारी दुपारी ती गगनबावड्याची आली. पावसाचे दिवस, घाटमाथ्यावरून येईतो पदर ओला झालेला. काखेत दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. चपला काढून आत पाऊल टाकलं आणि रिकामी टेबलं बघून तशीच उभी राहिली.

"ताई, मशीनं कुठं गेली?"

मी सांगितलं. तिला किती कळलं माहीत नाही. तिला एवढंच कळलं की इथून बोलता येणार नाही. "त्यांनी आजची वेळ धरलीया," ती म्हणाली. "तिकडं कॅफेत जाऊन बसले असतील. पोरीला बघितलंच न्हाई अजून. फोटू पाठवलेला, त्यात डोळं मिटलेलं." मग म्हणाली, "सांजच्या गाडीला माघारी जायला लागतंय."

मामा तिथंच होते. मी छत्री घेतली आणि म्हटलं, "चल. पलीकडच्या गल्लीत दुसरा कॅफे आहे." मामाही निघाले. का ते मी विचारलं नाही.

पलीकडचा कॅफेवाला पोरगेला माणूस. एरवी माझा प्रतिस्पर्धी. त्यानं आमच्याकडं बघितलं, बाळाकडं बघितलं आणि घसा खाकरला. "ताई, फोटोचं ओळखपत्र लागतंय. तुमच्याकडचं प्रकरण झाल्यापासनं चौकीतनं समद्यांस्नी सांगून गेलेत. फोटो न्हाय तर बसवायचं न्हाय."

"लेखी आहे का?"

"तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय, लेखी कधी असतंय?"

तिच्याकडं कसलं ओळखपत्र असणार? रेशनकार्डावर नाव होतं, तेही गावात, सासऱ्याच्या पेटीत, आणि त्यावर फोटो नाही. मतदार कार्डाला फोटो काढायला माणसं आली तेव्हा ती माहेरी होती. मी म्हटलं, "माझ्या नावावर बसू दे तिला. माझं लायसन्स घे."

तो खरोखर ओशाळला. "रागावू नगा, ताई. पर तुमचीच मशीनं चौकीत हायत. तुमच्याच नावावर बसवलं आन उद्या कुणी इचारलं तर?"

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते आठवत नाही. मेल लिहिणाऱ्याला कुणी पकडत नाही, मेल नेणाऱ्या कंपनीला कुणी हात लावत नाही, आणि या बाईला स्वतःच्या नवऱ्याला स्वतःची पोरगी दाखवायला फोटो पाहिजे, असं काहीतरी. गिऱ्हाईकं माना वळवून बघायला लागली. ती बिचारी माझी बाही ओढत होती. "राहू दे ताई, मी फुडल्या महिन्यात येतो."

"थांब," मामा म्हणाले. ते मला म्हणाले की तिला, समजलं नाही. ते काउंटरपाशी गेले. "गिऱ्हाईकाबरोबर सोबत आलेलं माणूस आत बसतं का?"

"बसतंय की. पोरं दोन-दोन येत्यात."

"सोबतच्याचं ओळखपत्र घेता?"

कॅफेवाला विचारात पडला. "त्याचं काय सांगितलेलं न्हाय."

मामांनी छातीच्या खिशातून पेन्शनरचं ओळखपत्र काढलं, काउंटरवर ठेवलं. "गिऱ्हाईक मी. ही माझ्यासोबत आली आहे."

"आन खुर्चीत?"

"खुर्चीत मीच बसणार," मामा म्हणाले. त्यांनी वहीत नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वेळ लिहिली आणि पूर्ण सही केली. हा तो माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या पासावर एसटीचा एक स्टॉपसुद्धा प्रवास केला नव्हता.

खुर्चीत मामा, शेजारी स्टुलावर ती आणि मागं मी. मेसेंजर मी उघडून दिलं. नवरा वाट बघत बसलेलाच होता. चौकोनी चौकोनी होऊन त्याचा चेहरा आला. आणि त्याला दिसली ती आमच्या मामांची टोपी.

"कोण?" तो म्हणाला. आवाज तुटत होता. "कोण पायजे तुम्हास्नी?"

"मला कुणी नको," मामा म्हणाले. "बोला तुम्ही." आणि त्यांनी मान वळवून भिंतीवरचं दरपत्रक वाचायला सुरुवात केली.

ती बाजूनं वाकून बघत होती. "मी हाय, मी हाय! हिकडं!" पण कॅमेरा टेबलाला स्क्रूनं पक्का बसवलेला. त्यात मामाच यायचे, तिचा फक्त अर्धा कान. नवरा म्हणाला, "आजोबा, वाईच बाजूला सरकता का?"

मामांनी कॅफेवाल्याकडं बघितलं. तो दारातून रस्ता न्याहाळत होता, कुणी येतंय का म्हणून. "मला सरकता येत नाही, बाबा," मामा अगदी गंभीरपणे म्हणाले. "मी गिऱ्हाईक आहे."

तिकडं नवऱ्यानं डोकं खाजवलं. मग तो म्हणाला, "मग तुमीच घ्या की पोरीला मांडीवर. नीट दिसंल."

मामांनी हात पुढं केले. तिनं दुपटं सोडून मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. मुलगी झोपेत होती, तिला उठवावं लागलं. उठली ती रडायलाच लागली. तोंड उघडून, डोळे घट्ट मिटून. "आता हितंबी डोळं मिटलं बग," ती कळवळून म्हणाली. मामांनी खिशातलं लाल पेन काढून तिच्यासमोर हलवलं. मुलगी गप्प झाली. पेनाकडं बघायला लागली, मोठे काळे डोळे उघडून. पेन त्यांनी हळूहळू कॅमेऱ्याच्या वर नेलं.

"दिसली का?" ती ओरडली. "आवो, दिसली का?"

चित्र थिजलं होतं. नवऱ्याचा एक हात तोंडाशी, तसाच. आम्हाला वाटलं लाईन गेली. मी वाकून बघितलं तर आवाज येत होता, श्वासाचा. माणूस रडत होता आणि चित्र तेवढं अडकलं होतं. "नाक तुमचंच हाय," ती म्हणाली. "समदी म्हणत्यात." मामा पेन धरून बसले होते. हात भरून आला असणार, पण त्यांनी खाली घेतला नाही.

तिला स्टँडवर सोडून आम्ही परत निघालो. मी म्हटलं, "मामा, झालं ते चांगलं झालं."

"झालं ते झालं," ते चिडून म्हणाले. "पण सांग मला, मी सही कशाखाली केली? त्या वहीप्रमाणं आज दुपारी मी आखातात कुणाशीतरी बोललो. उद्या विचारलं कुणी, काय बोललात, तर?"

"सांगा, नात दाखवली."

ते थबकले. मग म्हणाले, "तो अर्ज उद्याच देऊ." या वेळी मी नाही म्हटलं नाही.

वकील लावला. मुद्देमाल परत मिळावा म्हणून अर्ज. तारखा पडत गेल्या. एकदाची सुनावणी झाली तेव्हा न्यायाधीशांनी फौजदाराला विचारलं, "तुम्हाला तपासासाठी पाहिजे ती माहिती यातल्या कशात असते?"

"कॉम्प्युटरमध्ये, साहेब."

"म्हणजे कशात?"

फौजदार हवालदाराकडं बघायला लागला. हवालदार छताकडं. शेवटी हुकूम झाला की हार्ड डिस्क ठेवून घ्या, बाकीचं द्या. बाकीचं आलं तेव्हा पावसाळा सरून गेला होता. कीबोर्डात मुंग्यांनी घरं केली होती आणि एका मॉनिटरची काच तडकली होती. वर मला बंधपत्र लिहून द्यावं लागलं, की खटला संपेपर्यंत हा माल विकणार नाही, बदलणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन. नव्या हार्ड डिस्क घालून मी कॅफे पुन्हा सुरू केला.

त्यानंतर काही महिन्यांनी फौजदार स्वतः गाळ्यावर आला. बसला. अवघडून एक कागद पुढं केला. "मॅडम, त्या कंपनीचं उत्तर आलंय. इंग्रजी जरा किचकट आहे. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचून बघितलं. तुम्ही सांगता का काय म्हणतायत ते?"

मी वाचलं. त्यांच्या देशाच्या कायद्याप्रमाणं अमुक मार्गानं, अमुक खात्यामार्फत विनंती आली तरच ते विचार करणार होते. आणि तसंही, एवढ्या जुन्या खात्याची माहिती त्यांनी ठेवलेलीच नव्हती. मी त्याला हे मराठीत सांगितलं. मला वाटलं होतं मला आनंद होईल. उलट असा संताप आला, की कागद टेबलावर आपटला. "तुम्ही माझ्या स्पीकरच्या वायरी नेल्यात," मी म्हटलं. "आणि यांनी तुम्हाला चार ओळींत घरी पाठवलं."

"काय करणार?" तो म्हणाला. पहिल्यांदाच तो मला माझ्यासारखाच वाटला, कुणीही न सांगितलेलं काम अंगावर पडलेला. चहा मागवला. मेल कुणी लिहिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते अध्यक्षही पुढं दुसऱ्याच कुणाशी भांडण्यात गुंतले.

पुढं आमच्यासारख्यांसाठी एकदाचे लेखी नियम आले. आम्ही करमणूकच ठरलो. परवान्यावर छापील अटी होत्या, त्यात दारू प्यायलेल्या इसमास आत घेऊ नये आणि गोंगाट होऊ देऊ नये असं होतं. योग्य ती खबरदारी म्हणजे काय, ते त्यातही नव्हतं. मामांनी सगळ्या अटी चष्मा लावून वाचल्या. मी म्हटलं, "झालं समाधान?" ते म्हणाले, "शिक्का तिरका मारलाय."

तोवर घरोघर ब्रॉडबँड यायला लागलं होतं, नंतर मोबाईलवरच सगळं. मी आणखी काही वर्षं ओढलं आणि गाळा भाड्यानं दिला. गगनबावड्याची ती दोन-तीनदा आली, फोटोचं कार्ड काढून, ते ऐटीत काउंटरवर ठेवून. मग तिचा नवरा सुट्टीवर आला तेव्हा तिघं येऊन गेली. मुलगी चालत होती. मामा घरी होते, त्यांना भेटायला खास घरी आली. नवऱ्यानं मामांच्या पाया पडायला वाकताना म्हटलं, "आजोबा, आता सरकलासा तरी चालतंय." मामांना एवढं हसताना मी फार वेळा बघितलं नाही.

खटला मात्र संपला की नाही ते आम्हाला कुणी कळवलं नाही. चौकशी केली तर कागद वर गेलेत म्हणतात. ते जुने डबडे मॉनिटर अजून आमच्या माळ्यावर आहेत. मध्ये भंगारवाला आला होता. वर चढून त्यानं बघितलं, धूळ झटकली आणि म्हणाला, "काकी, हे कोण ठेवतंय हल्ली? द्या की, जागा तरी मोकळी हुईल."

"देता येत नाही," मी म्हटलं. "कोर्टाचा माल आहे."

त्यानं माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं, की मी त्याला बाकीची रद्दी फुकट देऊन टाकली.